लोहाराच्या दारचं फूल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. लहान असतील त्यांनी पुढे सरकून बसावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण पेंगू नये, कारण गोष्ट खरी त्यांच्यासाठीच आहे.

दोन डोंगरांच्या मध्ये एक खोरं होतं आणि त्या खोऱ्यात एक रीत होती. लेकीचं लग्न झालं की सासरी निघण्याआधी ती बापाच्या दारात एक फुलझाड लावायची. झाड तिच्या पसंतीचं. पुढे त्या झाडाला फूल आलं, की बाप ते फूल घेऊन लेकीच्या सासरी जायचा आणि तिला माहेरपणाला घेऊन यायचा. झाड गेलंच, तर बापाने स्वतःच्या हाताने दुसरं लावायचं. पण फूल आपल्या जागेतलंच हवं. शेजारचं उसनं आणलेलं चालत नसे.

फूल नाही, तर माहेर नाही. 'ज्याला एक झाड सांभाळता येत नाही, त्याच्या घरी आम्ही आमची सून कशी पाठवावी?' असं सासरची माणसं विचारायची. ही रीत कोणी पाडली ते ठाऊक नाही. ज्याच्या दारात मोठी बाग होती आणि घरात राबायला गडी होते, अशाच कोणीतरी पाडली असावी.

त्या खोऱ्यातल्या एका गावात एक लोहार राहत होता. काम असं चोख, की त्याच्या हातचा विळा बाप वापरी आणि मुलगाही वापरी. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं, यात त्याचा जन्म गेला होता. न जमणारी वस्तू जगात नसते, ती कमी ठोकलेली असते, असं तो म्हणायचा. लोखंडाच्या बाबतीत ते खरंही होतं.

झाडांच्या बाबतीत मात्र त्याच्या हाताला गुण नव्हता. लोहार आळशी होता असं कोणी समजू नका. उलट, तो झाडाला स्वस्थ बसू देत नसे. तुळशीला दिवसातून कितीदा पाणी घालावं, मुळाशी कितीदा खुरपं चालवावं, याला काही सुमारच नव्हता. शेवटी त्याच्या बायकोने तुळशीला हात न लावण्याची शपथ घातली, तेव्हा कुठे ती तुळस जगली. गावात लोक हसून म्हणायचे, लोहाराचा हात लोखंडाला लागला तर सोनं, आणि झाडाला लागला तर सरपण.

लोहाराला एकच लेक होती. तिचं लग्न ठरलं, तसा गावात प्रश्न निघाला की ही पोर दारात काय लावणार. गावातल्या मुलींनी चाफा लावला होता, मोगरा लावला होता, एकीने तर दूरवरून कवठी चाफ्याचं रोप आणवलं होतं. लोहाराच्या मनात होतं, लेकीने गुलाब लावावा. रस्त्याने जाणाऱ्याने थांबून बघावं असा.

निघायच्या वेळी लेकीने पदराची गाठ सोडली. आत मिऱ्यांसारख्या काळ्या बिया होत्या. तिने दाराशी बोटाने माती उकरली, बिया टाकल्या आणि वरून माती सारली. झालं. एवढंच.

"हे काय लावलंस?" लोहाराने विचारलं.

"गुलबक्षी," लेक म्हणाली. "बाबा, तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम निवडली. हिला काही लागत नाही. पाणी पाऊस घालेल. खत नको, खणणं नको. उन्हाळ्यात वाळली तर वाळू द्या."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. संध्याकाळी उमलते, तेव्हा फक्त बघायचं."

लोहाराची बायको डोळे पुसत होती, तीही हसली. "तेवढंच त्यांना जमायचं नाही गं," ती म्हणाली.

सगळे हसले. लोहारही हसला. पण त्याच्या मनाला ते लागलं. गुलबक्षी काय, उकिरड्यावरही येते. लेकीने जाता जाता सगळ्या गावासमोर आपल्या हाताची परीक्षा करून नापास ठरवलं, असं त्याला वाटलं. लेकीने बापाचा स्वभाव ओळखून स्वतःच्या येण्याची वाट मोकळी ठेवली होती. बापाला त्यात फक्त आपला कमीपणा दिसला.

पाऊस आला आणि बिया रुजल्या. लोहाराने पाणी घातलं नाही, कारण आभाळच घालत होतं. खणलं नाही, कारण बायको दारात बसून राहायची. श्रावण सरताना एका संध्याकाळी दाराशी राणी रंगाची फुलं उमलली आणि घरभर मंद वास सुटला. लोहाराला तो वास आला नाही. जन्मभर कोळशाच्या धुरात काढल्यावर नाकाला दुसरं काही कळत नाही. बायकोने मात्र हातातलं काम टाकून वास घेतला. "उद्या निघा," ती म्हणाली.

आता गुलबक्षीची एक खोड आहे, ती तुम्हाला माहीत असेल. ती संध्याकाळी उमलते आणि ऊन चढलं की मिटते. लोहाराने पहाटे फुलं खुडली, ओल्या पानात गुंडाळली आणि तो चालत निघाला. लेकीच्या सासरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. ओट्यावर व्याही चार माणसांत सुपारी कातरत बसले होते. लोहाराने पान उघडलं. आत फुलांच्या नुसत्या सुकलेल्या वळकट्या होत्या.

व्याही बघत राहिले. मग म्हणाले, "लोहारदादा, येता येता कोणाचा उकिरडा लागला वाटतं वाटेत."

ओट्यावरची माणसं हसली. त्यात वाईट काही नव्हतं, व्याह्याव्याह्यांत अशी थट्टा चालायचीच. लगेच त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, तुमचे बाबा आलेत. तयारी करा." लेक धावत बाहेर आली. तिने त्यातली एक वळकटी केसांत खोवली आणि वाटभर काढली नाही.

त्या वर्षी माहेरपण झालं. संध्याकाळ झाली की मायलेकी दाराशी बसायच्या. गुलबक्षीच्या फुलाला लांब देठ असतो, त्यामुळे वेणी करायला सुई लागत नाही की दोरा लागत नाही. देठात देठ अडकवत जायचं. आई वेणी करायची, लेकीच्या केसांत माळायची. मग लेक करायची, आईच्या केसांत माळायची. बोलणं काय चालायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

लोहार पडवीत बसलेला असायचा, पण त्याचं मन व्याह्यांच्या ओट्यावर होतं. ते हसणं त्याच्या कानातून जात नव्हतं. लेक घरी आली होती, डोळ्यांसमोर होती, आणि हा बसल्या जागी त्या हसण्याला काय उत्तर द्यावं ते जुळवत होता. माणसाची बुद्धी अशी कधी कधी कामावर जात नाही.

लेक परत गेली. हिवाळा गेला, उन्हाळा आला. गुलबक्षीची पानं पिवळी पडली, काड्या वाळून जमिनीवर आडव्या झाल्या. एके सकाळी लोहाराने कुदळ घेतली आणि झाड उपटलं. खाली रताळ्यासारखं जाड मूळ निघालं.

बायको धावत आली. "अहो, तिने सांगितलं होतं ना, वाळलं तर वाळू द्या म्हणून."

"हे वाळलेलं नाही, मेलेलं आहे."

"मूळ तर बघा कसं टणक आहे."

"कुजलं म्हणून फुगलंय," लोहार म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला ते मेलेलंच हवं होतं. घराच्या मागे भट्टीची राख टाकायचा ढीग होता. लोहाराने मूळ उचललं आणि ढिगापलीकडे उतारावर भिरकावून दिलं.

मग तो माळणीकडे गेला. गावाच्या टोकाला एक म्हातारी माळीण राहायची. देवळाला फुलं तीच पुरवायची. लोहाराने तिच्याकडे गुलाबाचं रोप मागितलं.

"गुलाब कशाला?" माळणीने विचारलं. "लेकीने गुलबक्षी लावली होती ना?"

"मेली ती," लोहार म्हणाला. उपटली असं त्याच्याने सांगवलं नाही.

"गुलबक्षी अशी मरत नाही हो. उन्हाळ्यात जमिनीखाली झोपते. पाऊस पडला की बघा, कुठून तरी डोकं वर काढेल."

लोहाराला वाटलं, म्हातारी टोमणा मारते आहे. माळीण त्याच्या घट्टे पडलेल्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लोहारदादा, रागावू नका. गुलाब मानी असतो. त्याला पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं. ओल लागली तर घागर उचलायची नाही. तुमच्याने ते व्हायचं नाही. तुम्ही असं करा, तेरड्याचं बी टाका. एकदा टाकलं की दर वर्षी आपलं आपण येतं. कुंपणाला कोरांटी लावा, तिला शेळीसुद्धा त्रास देत नाही. सदाफुली तर भिंतीच्या भेगेत राहते. ज्याच्या हाताला गुण नाही त्याच्यासाठीसुद्धा देवाने फुलं केलीत."

"असली फुलं काय, कोणाच्याही दारात असतात."

"असेनात का. चूलही सगळ्यांच्याच घरात असते. म्हणून कोणी उपाशी झोपतं का?"

पण लोहाराने गुलाबच नेला.

पहिला गुलाब पाण्याने मेला. लोहार सकाळी पाणी घाली, भट्टीवरून उठला की दुपारी घाली, आणि संध्याकाळी झाड कोमेजलेलं दिसलं की आणखी घाली. मुळं कुजली म्हणून पानं कोमेजत होती आणि पानं कोमेजली म्हणून हा घागर उचलत होता. त्या वर्षी फूल आलं नाही. खोऱ्यातल्या साऱ्या लेकी माहेरी आल्या, लोहाराची आली नाही.

दुसऱ्या गुलाबाला त्याने पाणी बेताचं घातलं, पण खत इतकं घातलं की खोड जळून काळं पडलं. पुढचा गुलाब त्याने मुळं धरली की नाहीत ते बघायला पुन्हा पुन्हा उपटला आणि पुन्हा पुन्हा लावला. पोलाद बाहेर काढून बघितल्याशिवाय त्याला पाणी चढलं की नाही, म्हणजे ते कडक झालं की नाही, ते कळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. रोप बाहेर काढून बघितलं की ते मरतं, हे ठाऊक नव्हतं. वर्षं अशी एकामागून एक गेली.

बांगड्या विकणारा कासार दोन्ही गावांत जायचा. त्याच्याबरोबर लेकीचा निरोप यायचा. "आईला सांगा, फूल आलं की मी लगेच निघते. माझी पेटी भरूनच ठेवलेली आहे." लोहाराची बायको तो निरोप कासाराला दोनदा सांगायला लावायची. मग म्हणायची, "अहो, गुलबक्षीच लावा ना पुन्हा. शेजारीण मूठभर बी देईल."

"पुन्हा त्या ओट्यावर सुकलेल्या वळकट्या घेऊन जाऊ?" लोहार विचारायचा.

"जा की. पाठवली होती ना त्यांनी पोर? हसून पाठवली, पण पाठवली."

यावर लोहार घागर घेऊन बाहेर जायचा.

पुढे बायकोला दुखणं लागलं. आधी पायातली शक्ती गेली, मग तिने अंथरूण धरलं. तिचं अंथरूण मागच्या खिडकीशी होतं. पावसाळा सरत आला होता. एका संध्याकाळी लोहार तिला पेज देत होता, तेव्हा ती म्हणाली, "वास येतोय."

"कसला?"

"गुलबक्षीचा. मागच्या बाजूने येतोय."

"मागे नुसती राख आहे," लोहार म्हणाला. "तुला लेकीची आठवण येते, म्हणून वास येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, "अहो, एकदा मागे जाऊन बघून तरी या." लोहाराने मान डोलावली. पण संध्याकाळ ही गुलाबाला पाणी घालायची वेळ होती आणि गुलाब पुढच्या दारी होता. तो पुढच्या दारी गेला. राख टाकायला तो रोज ऊन चढल्यावर मागे जायचाच. ढिगापलीकडे उतारावर हिरवं रान माजलेलं त्याला दिसायचं. त्या वेळी गुलबक्षी मिटलेली असते. मिटलेली गुलबक्षी आणि रान यांत, बघणाऱ्याला बघायचं नसेल, तर काही फरक दिसत नाही.

त्याच वर्षी गुलाबाला कळी आली. पहिली कळी. लोहाराला काय आनंद झाला म्हणून सांगू. तो धावत आत गेला आणि बायकोच्या उशाशी बसला. "कळी आलीय. आता चार दिवसांत फूल उमलेल. मग मी जातो आणि पोरीला घेऊन येतो. व्याह्यांच्या हातावरच ठेवतो फूल."

बायको क्षीण हसली. "फुलाचं राहू द्या. मी आजारी आहे असा निरोप धाडा. ती येईल."

"आजाराचा निरोप धाडून लेक आणायची म्हणजे भीक मागितल्यासारखं आहे. थोडी कळ काढ. कळी आलीच आहे."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिचा नवरा वाईट नव्हता, हे तिला माहीत होतं. तो आपल्यासाठीच धडपडतो आहे, हेही माहीत होतं. अशा माणसाशी भांडता येत नाही, हेच मोठं दुःख असतं.

कळी मोठी झाली, पण उमलेना. दिवस ढगाळ होते, तिला ऊन हवं होतं. लोहार तिच्यासमोर उकिडवा बसून राहायचा. आत बायकोचा श्वास जड होत चालला होता, ते त्याला ऐकू यायचं. एका सकाळी त्याला धीर निघेना. त्याने आपली जाड बोटं पुढे केली आणि कळीची वरची पाकळी हलकेच सोडवली. मग दुसरी सोडवली. आपण मदत करतो आहोत असंच त्याला वाटत होतं. तिसऱ्या पाकळीला हात लावला आणि कळी देठापासून तुटून त्याच्या तळहातावर आली. आतल्या पाकळ्या पांढुरक्या आणि ओल्या होत्या. त्यांची वेळ अजून झाली नव्हती.

तो ती कळी मुठीत धरून आत गेला, तेव्हा बायको गेलेली होती.

निरोप घेऊन माणूस धावला. मरणाच्या निरोपाला फूल लागत नाही. व्याह्यांनी त्या क्षणी गाडी जुंपली. अंगणात गाव जमलं होतं, लेकीसाठी सगळे थांबले होते. ती आली तेव्हा दिवस कलला होता. आभाळ भरलेलं होतं. ती आईजवळ बसली, आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

म्हाताऱ्या बायकांनी तिला हळूच उठवलं. "पोरी, सवाष्ण गेली तुझी आई. हळदकुंकू झालं, हिरवं लुगडं नेसवलं. केसांत माळायला फूल पाहिजे. घरात आहे का काही?"

लोहाराने दाराकडे बघितलं. दारात गुलाबाचं काटेरी खोड उभं होतं आणि त्याच्या मुठीत चुरगळलेली कळी होती. त्याने मूठ उघडली नाही.

लेक उठून मागच्या खिडकीशी गेली. तिने वर बघितलं, श्वास घेतला आणि ती मागच्या दाराने बाहेर पडली. लोहार तिच्या मागोमाग गेला. ती राखेच्या ढिगाला वळसा घालून पलीकडे उतरली आणि थांबली.

सबंध उतार फुलला होता. एका फेकलेल्या मुळाचं झाड झालं होतं, झाडाच्या बिया खाली गळल्या होत्या, त्या रुजल्या होत्या, त्यांच्या बिया पुढे गेल्या होत्या. राणी रंगाची फुलं ओढ्यापर्यंत उतरली होती. ढगाळ दिवसामुळे ती लवकर उमलली होती. त्यांना कोणी पाणी घातलं नव्हतं, खत दिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात ती वाळली होती आणि दर पावसात उठली होती.

"बाबा," लेक म्हणाली, "हे किती वर्षांपासून फुलतंय?"

तिला उत्तर नको होतं. झाडांची जाडजूड खोडं बघून तिला कळलंच होतं. ज्या ज्या वर्षी ती भरलेल्या पेटीजवळ बसून वाट बघत होती, त्या प्रत्येक वर्षी तिच्या बापाच्या जागेत तिचं फूल फुललेलं होतं. रीत पाळायला एवढं पुरेसं होतं. संध्याकाळी मागच्या दारी चार पावलं जायला हवं होतं, बस्स.

"ती म्हणायची, वास येतो म्हणून," लोहार शेवटी म्हणाला. "मी तिला म्हणालो, तुला भास होतो."

लेक रागाने काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने ओटीत फुलं खुडून घेतली, आत गेली, आईच्या उशाशी बसली आणि देठात देठ अडकवून वेणी करू लागली. सुई लागली नाही, दोरा लागला नाही. तिने ती वेणी आईच्या केसांत माळली. मग माणसांनी आईला उचललं.

दुसऱ्या दिवशी व्याहीही आले होते. जाताना ते लोहारापाशी थांबले. "दादा, एवढी वर्षं बोलावणं का आलं नाही हो? सूनबाई रोज वाट बघायची."

लोहाराने खाली मान घालून कारण सांगितलं. तो ओटा, ती सुपारी, ते हसणं.

व्याही आठवत राहिले. त्यांना काही आठवेना. "मी असं म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं. लोहाराच्या छातीत जे हसणं इतकी वर्षं निखाऱ्यासारखं राहिलं होतं, ते हसणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं.

पुढच्या पावसात उतारावर गुलबक्षी पुन्हा उठली. लोहाराने तिला हात लावला नाही. संध्याकाळी भट्टी विझवून तो राखेच्या ढिगापाशी येऊन बसायचा आणि नुसतं बघायचा. हात स्वस्थ ठेवायला त्याला फार कष्ट पडायचे, पण आता तो ठेवायचा. फुलं आली तेव्हा त्याने पानात गुंडाळून नेली. पोचेपर्यंत ती सुकली. ओट्यावर कोणी हसलं नाही. व्याह्यांनी उभं राहून दोन्ही हातांनी त्या वळकट्या घेतल्या आणि सुनेला हाक मारली.

लेक आली. तिने चूल पेटवली, भाकरी केल्या, घर झाडलं. संध्याकाळी दाराशी बसली. तिच्या मागे बसून केस विंचरायला कोणी नव्हतं. लोहाराने उतारावरून फुलं आणून तिच्यापुढे ठेवली. वेणी करायचा त्यानेही प्रयत्न केला, पण जाड बोटांत देठ तुटत राहिले. लेकीने त्याच्या हातातून फुलं घेतली आणि मांडीवर तशीच ठेवली.

खोऱ्यात माहेरपण पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत चालायचं. या खेपेला लेक लवकर निघाली. "बाबा, जपा," ती म्हणाली. लोहार तिला वेशीपर्यंत पोचवायला गेला. पुढच्या वर्षीही तो फूल घेऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही. ती दर वेळी आली आणि दर वेळी लवकर गेली. आई नसलेल्या माहेरात लेकीचा जीव रमत नाही. तो दोष ना लेकीचा होता, ना फुलाचा.

लोहार खूप म्हातारा झाला. खोऱ्यात कोणाच्या लेकीचं लग्न ठरलं की बाप त्याच्याकडे विळे-खुरप्यांना धार लावायला यायचा आणि सहज विचारायचा, "आमच्या हाताला काही गुण नाही हो. पोरीने दारात काय लावावं?"

"तेरडा टाका," लोहार सांगायचा. "कोरांटी लावा, सदाफुली लावा. जमलं तर गुलबक्षी लावा, ती काही मागत नाही." मग धार लावायचं थांबवून तो म्हणायचा, "आणि संध्याकाळी एकदा घराच्या मागे जाऊन या. घरातलं माणूस सांगेल, तेव्हा तर नक्की जा."

ऐकणारे मान डोलवायचे आणि धार लावलेलं खुरपं घेऊन घरी जायचे. किती जण मागच्या दारी गेले, ते गोष्टीत आलेलं नाही.

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं गाठीला बांधा: जे आपल्यासाठी सहज फुलतं त्याला हलकं मानू नये, कारण त्याला आपले कष्ट नको असतात, वेळेवर आपलं लक्ष तेवढं हवं असतं.